वैऱ्याचं नाव

“वैरी कोण म्हणान सांगू देवाक?” दाजींनी विचारलं, तेव्हा देवळातली माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली.

मिठबावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान दाजींच्या घराण्याचा. लग्न, आजार, हरवलेली म्हैस, सगळं त्यांच्याच तोंडून देवाच्या कानी जायचं. एकाहत्तरच्या लढाईत ‘वैऱ्याची खोड मोड’ असं त्यांनी ठणकावून म्हटलं आणि अख्खा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गरजला होता. आता, सोळा वर्षांनी, सत्यवतीचा मुलगा शिवा शांतिसेनेतून लंकेला गेलेला. करार, मैत्री, शेजारधर्म, रेडिओवर दाजींनी पुष्कळ ऐकलं होतं. मैत्रीत गोळ्या कुठून आल्या, ते मात्र रेडिओवाला सांगत नव्हता.

“झिलान पत्रात काय लिवल्यान, ता परत सांग गो,” दाजी सत्यवतीला म्हणाले.

“जेंका राखूक गेले, तेच आता गोळये झाडतत म्हणता,” सत्यवती म्हणाली. “पयल्या दिवशी तेंनीच हार घातलेले.”

“मगे तेच वैरी,” दुकानदार सदानंद म्हणाला. “तसाच म्हणा, दाजीनू. आपलो पोरगो आसा थंय.”

“तुका कोणी इचारलां?” दाजी खेकसले. खरं तर तेच शब्द त्यांच्याही जिभेवर आले होते, म्हणून राग. आणि भीतीही वाटत होती. गाऱ्हाण्यात काही उणं राहिलं आणि शिवाचं बरंवाईट झालं, तर या बाईला तोंड कसं दाखवायचं?

सत्यवती म्हणाली, “थंय एके म्हातारेन शिवाक आपल्या झिलाचो फोटो दाखवल्यान. बंदूक घेवन रानात गेलो हा तो. दिसलो तर घराक धाड, म्हणान खुणेन सांगल्यान.”

दाजींनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, ह्या सत्यवतीचो झिल दर्यापलीकडे आसा, तेका सुखरूप घराक हाड. आणि थंयच्या त्या म्हातारेचो झिल, तेकाय जित्तो घराक हाड रे म्हाराजा.”

‘व्हय म्हाराजा’ कोणी म्हणेना. चाळीस वर्षांत दाजींचं गाऱ्हाणं असं अधांतरी राहिलं नव्हतं. सदानंदने मान फिरवली.

हुंकार पुरुषांनी द्यायचा आणि बायकांनी मागे हात जोडून उभं राहायचं, अशी तिथली रीत. सत्यवती दोन पावलं पुढे आली.

“व्हय म्हाराजा,” ती एकटीच म्हणाली.

दाजींनी बाकीच्यांची वाट पाहिली नाही; तेवढ्या एका हुंकारावर त्यांनी गाऱ्हाणं पुरं केलं.