मिसिसचा पाय

माझ्या डुकरिणीचं नाव मिसिस. आमच्या बेटावर, डोंगरातल्या हागेनच्या खोऱ्यात गोऱ्या मडमेला मिसिस म्हणतात, आणि हिचे नखरेही तसेच होते. सालासकट रताळं टाकलं की नुसतं हुंगायची आणि तोंड फिरवायची. मग मी शिव्या देत रताळी भाजायची, सोलायची, तेव्हा कुठे बाईसाहेब जेवायच्या. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

माझा नवरा रुइम म्हणायचा, "हिच्या निम्मे लाड माझे केले असतेस तर मीही हिच्यासारखाच गुटगुटीत झालो असतो."

"ती एका हाकेत घरी येते," मी म्हणायची. "तू येऊन दाखव, मग बघू."

माझा मुलगा तोल याचं लग्न ठरलं, तेव्हा मुलीकडच्यांना पाच डुकरं द्यायची ठरली. त्यात पहिलं नाव मिसिसचं. मीच सुचवलं. एकुलत्या एका मुलाच्या लग्नात हडकुळं डुक्कर पुढे करायला मी काही कंजूष नाही.

नेमकी त्याच दिवसांत माझी भाची वेंडी गोरोकाच्या कॉलेजातून सुट्टीला आली. तिने मांस सोडलं होतं. सोडलं ते सोडलं, वर दिवसभर प्रश्न. मला तिचा रागही यायचा आणि ती गप्प बसली की करमायचंही नाही.

"आत्या, मिसिस तुला आवडते ना?"

"हे काय विचारणं झालं? तिचा पुढचा उजवा खूर कुंपणात चेचून अर्धा गेला होता तेव्हा महिनाभर कुशीत घेऊन झोपले होते तिला. पाला बांधायला तूच होतीस की."

"मग तिला मारायचं कसं काय चालतं?"

"मी नाही मारत. रुइम मारतो."

"आणि खायचं?"

"शी! स्वतःच्या हाताने वाढवलेलं डुक्कर कोण खातं? आपलं त्यांना जातं, त्यांचं आपल्याकडे येतं. मारायच्या आधी सांभाळणारी बाई पोटभर रडून घेते, आणि तिचं रडणं संपेपर्यंत पुरुष थांबतात. तुझ्या कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत?"

वेंडी रताळं सोलता सोलता थांबली. "म्हणजे मिसिसला ती माणसं खाणार, ज्यांना ती माहीतच नाही. आणि तू त्यांची खाणार, जी तुला माहीत नाहीत."

"हो. मग?"

"मग जी रडते ती खात नाही, आणि जी खाते ती रडत नाही. असं का, आत्या?"

मी तिला पाणी आणायला पिटाळलं. पण तो प्रश्न काही गेला नाही, दातात रताळ्याची शीर अडकावी तसा अडकून बसला. आजवर मी किती जणींची डुकरं खाल्ली असतील? एकीलाही काही विचारलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी मिसिसच्या गळ्याला मिठी मारून रडले. रुइम दांडकं पाठीमागे लपवून उभा होता, आणि त्याचेही डोळे लाल होते. मी उठून घरात गेले, आणि कानांत बोटं घातली.

मुलीकडच्यांनीही त्यांची डुकरं आणली होती. अंगणात दोन खड्डे खणले, तापलेले दगड घातले, केळीच्या पानांत मांस आणि रताळी रचून वर माती लोटली. दुपारी खड्डे उघडले. दोन्हीकडचं मांस दोन ढिगांत मांडलं होतं. आमचं त्यांनी उचलायचं, त्यांचं आम्ही. तेवढ्यात डोंगरावरून सर आली. सगळे पानं उचलून छपराखाली धावले आणि पुन्हा ढीग लावले. कुठलं मांस कुठे गेलं, हे त्या गडबडीत कोणी पाहिलं नाही.

मग विहीणबाई पुढे आल्या. कुमी त्यांचं नाव, नवरा गेल्यापासून घर एकटीने सांभाळणारी बाई. वरमाईला पहिला तुकडा वधूच्या आईने स्वतः निवडून द्यायचा, आणि वरमाईने सगळ्यांदेखत पहिला घास घ्यायचा, ही आमची रीत. कुमीने त्यांच्या ढिगातला सगळ्यात भरलेला, चरबीने चकाकणारा पुढचा पाय उचलून माझ्यासमोर ठेवला.

"विहीणबाई, आमच्याकडचं सगळ्यात चांगलं तुमच्यासाठी."

मी पायाकडे पाहिलं. उजवा पाय. आतल्या बाजूचा अर्धा खूर नव्हता.

वेंडी माझ्या शेजारीच होती. तिनेही पाहिलं. तिच्या तोंडून आवाज फुटणार, तोच मी तिच्या मांडीला करकचून चिमटा काढला.

देणाऱ्याचं डुक्कर देणाऱ्यालाच परत करणं म्हणजे तुमचं काहीच नको असं तोंडावर सांगणं. अशाच एका पायावरून शेजारच्या दोन कुळांत घरं जळलेली मी लहानपणी पाहिली आहेत. आणि घास न घेणं हा त्याहून मोठा अपमान. दोन्हीकडचे म्हातारे भांडायला कारण शोधतच बसलेले असतात. समोर तोल नव्या नवरीशेजारी उभा होता, आणि वेड्यासारखा हसत होता. दोन वर्षं त्या पोरीसाठी झुरला होता तो.

"आत्या, नको," वेंडी पुटपुटली.

मी पाय उचलला आणि दात रोवले.

खरं सांगते, घास तोंडात घेईपर्यंत वाटत होतं की उलटी होणार. झाली नाही. चव लागली, आणि ती चव माझ्या ओळखीची होती. ओढ्याकाठच्या माझ्या वाफ्यातली पिवळी रताळी. चार वर्षं सोलून भरवलेली. फार गोड होतं ते मांस. इतकं गोड लागलं याचाच मला राग आला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

कुमी घाबरली. "अगं बाई! मीठ कमी पडलं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी बोलणं भाग होतं. तोंडात आलं ते बोलून गेले.

"तुमच्या डुकरिणीचं नाव काय होतं हो?"

कुमीचा चेहराच बदलला. कोणी असं विचारत नाही. ती माझ्यासमोर मातीत बसली.

"कॉफी," ती म्हणाली. "मळ्यात सापडली, कॉफीच्या झाडाखाली, एवढीशी. आई मेलेली. मी पिशवीत घालून पाठीवर वागवायचे. नवरा गेला तेव्हा मी तीन दिवस चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी हिने धडका मारून मारून दार पाडलं. तिला भूक लागली होती ना. तिच्यासाठी उठले, मग स्वतःसाठीही दोन रताळी भाजली." तिने नाक पुसलं. "चांगली लागते ना?"

"फार चांगली," मी म्हणाले. "रडण्यासारखी."

"तुमचीचं काय नाव होतं?"

मी सांगितलं. रताळी सोलून लागायची तेही सांगितलं. कुमी खो खो हसली, मग तिलाही रडू आलं. घास घेत, रडत आम्ही दोघी बसून राहिलो. तिच्या हातात कुणाचा तुकडा होता, देव जाणे. मी खुराकडे पाहिलं नाही.

उरलेला पाय वेंडीने गुपचूप आपल्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही तो ओढ्याकाठच्या वाफ्यात पुरला. कुमीला मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तोलला आता मुलगी आहे.

डुकरं मी अजूनही पाळते, अजूनही खाते. फक्त त्या दिवसापासून कोणीही मांस वाढलं की वाढणारीला आधी त्या जनावराचं नाव विचारते. काहीजणी चिडतात. बहुतेक जणी तासभर सांगत बसतात, आणि रुइम कपाळाला हात लावून म्हणतो, अन्न गार होतंय.

गेल्या महिन्यात चर्चच्या जेवणात शहरातून पाकिटबंद कोंबड्या आल्या होत्या. माझ्या पानात तंगडी पडली. सवयीने मी वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "हिचं नाव काय होतं?"

बाई हसल्या. "कोंबडीला कुठलं नाव, आजी? दुकानातली आहे."

"मग हिच्यासाठी रडलं कोण?"

"कोणीच नाही. कोण रडणार?"

वेंडी समोरच बसली होती, नुसत्या रताळ्यांचं पान पुढ्यात घेऊन. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

मी तंगडी उचलून परत त्यांच्या पातेल्यात ठेवली आणि वेंडीच्या पानातलं एक रताळं घेतलं.