दाऊदभाईंचं सन्मानपत्र

आमच्या ऑफिसात कुणी निवृत्त झालं की सन्मानपत्र मीच लिहितो. इतकी लिहिली, की हात आपोआप ‘कर्तव्यदक्ष’ लिहून मोकळा होतो. पण ड्रायव्हर दाऊदभाईंच्या कागदावर दोन दिवस अडलो. ‘वफादार’ म्हणावं, तर लोक तो शब्द कुत्र्यालाही लावतात. ‘निष्ठावंत’चा पुढाऱ्यांनी पार चोथा केलाय. कंटाळून त्यांनाच विचारलं.

“इमानदार लिवा, गोकुळभाऊ. अन् कागद तात्यासाहेबांच्या हातून मिळू द्या. बायको येणार हाय, अमिना. ‘तुमच्या मालकाला तुमचं नावबी ठाऊक नसंल,’ म्हणती. एकदा बघू दे तिला.”

तात्यासाहेब आमचे मालक. सव्वीस वर्षं दाऊदभाईंनी त्यांची गाडी चालवली. स्वतःच्या घरच्या लग्नांतही दाऊदभाई पंगतीला उशिरा, कारण साहेबांना कुठंतरी सोडायचं असायचं.

शनिवारी दुपारी कार्यक्रम झाला. गाडीची चावी सकाळीच नव्या ड्रायव्हरकडं, राजकुमारकडं गेली होती. दाऊदभाई इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर, समोर पहिल्या रांगेत अमिनाभाभी. तात्यासाहेबांनी शाल घातली, नारळ दिला. मी सन्मानपत्र वाचायला उभा राहिलो, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. बिडकीनच्या कारखान्यात तपासणीला माणसं आली होती.

साहेब उठले आणि सवयीनं म्हणाले, “दाऊद, गाडी काढ.”

राजकुमार दारातच उभा होता. दाऊदभाईंनी खांद्यावरच्या शालीसकट उठून त्याच्याकडून चावी मागून घेतली. नारळ खुर्चीवर ठेवला. बायकोकडं त्यांनी पाहिलं नाही. मी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘साहेब, राजकुमार नेईल.’ मीही साहेबांचंच मीठ खाल्लंय. स्वतःची लाज वाटली, पण बोललो नाही ते नाहीच.

गाडी गेली. लोक चहा-समोसा घेऊन पांगले. कागद हातात धरून मी भाभींजवळ गेलो.

“नाव ठाऊक हाय म्हणायचं,” त्या म्हणाल्या. कागद घेऊन त्यांनी पिशवीत ठेवला, वर नारळ ठेवला. मग थकल्या आवाजात विचारलं, “तुमचं कवा हाय, भाऊ?”

“पुढच्या जूनमध्ये.”

“मग घरच्यांना बोलवू नका,” भाभी म्हणाल्या.