मळी पाव

पिशवीच्या तळच्या भोकातून एक पांढरी मुळी बाहेर डोकावत होती. धम्मप्रियानं ती बोटानं चाचपली... घट्ट, ओली, जिवंत. तेलताडाचं सात महिन्यांचं रोप. दुसऱ्या हातात पत्रक होतं, सकाळीच वळसंगच्या या रोपवाटिकेत छापून आलेलं – ‘तेलताड रोपांसाठी सुधारित मिश्रण’ – आणि खाली संशोधक म्हणून एकच नाव, तिचे वरिष्ठ उदयसिंह सर यांचं. तिनं मागची बाजूही पाहिली. तिथं छापखान्याचं नाव होतं.

सात महिने दर सोमवारी शाळेतली पट्टी घेऊन पानं मोजली होती ती तिनं. चार मिश्रणं, प्रत्येकाच्या चाळीस पिशव्या. डीएपी खत जास्त पडून शेंडे करपले तेव्हा जेवण गोड लागलं नव्हतं. आणि सर म्हणायचे, तू लिहून ठेव, आपण दोघांच्या नावानं छापू. दोघांच्या... वडील दवाखान्यात होते तेव्हा हेच सर डबा घेऊन आले होते, कॉटवर बसून वडिलांशी बोलले होते. म्हणून तर वही मागितली तेव्हा मी सुखानं दिली. मूर्ख मी.

शरणम्मा पिशव्या भरता भरता थांबली. “ताई, तुमचं नाव कुटं हाय ह्याच्यात? मला वाचता येत न्हाय. दावा की.”

“हे काय,” म्हणत धम्मप्रियानं कुठंतरी बोट ठेवलं. शरणम्मा त्या अक्षरांकडे कौतुकानं बघत राहिली. बोटाखाली काय आहे ते धम्मप्रियानं मग वाचलं – ‘पातळ मळी, पिशवीमागे पाव लिटर.’

वहीत तिनं लिहिलं होतं – माती एक, वाळू अर्धी, मळी पाव. घमेल्यांचा हिशोब. मळी म्हणजे साखर कारखान्यातून येणारी, सहा महिने कुजवून भुगा झालेली काळी मळी. पण कारखान्यातून टँकरनं जातो त्या चिकट पाकालाही मळीच म्हणतात, आणि सरांनी तोच धरला. तो ओतला तर पिशवी आंबेल, मुंग्या लागतील, मुळ्या सडतील. तिला आधी हसू आलं. मग ते विरलं, कारण सात महिन्यांत या माणसानं एकदाही पिशवीत हात घातला नव्हता. चोर निदान वस्तू निरखून तरी नेतो.

अकराला हिरव्या जाळीखाली शेतकरी जमले. सर सुरेख बोलत होते. करकंबचे महिपती उठले, सहाशे रोपं घरी नेऊन ठेवलेले. “सायेब, मळी म्हंजी कुटली? पातळच का? आजच वततो मग.”

सरांनी पाहिलं ते शेवटच्या रांगेत, तिच्याकडे, पूर्वी वही मागताना पाहायचे तसंच, हक्कानं. सगळ्या माना वळल्या. उत्तर तिच्या जिभेवर होतं, दोन शब्दांचं. महिपतींची सहाशे रोपं... तिच्याच मिश्रणाच्या भरवशावर नेलेली, पत्रकावरच्या नावाशी काही देणंघेणं नसलेली. बोलायलाच हवं होतं. बोलणार होती ती. पण सरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता, आणि गप्प राहणं इतकं गोड लागेल हे तिला माहीत नव्हतं... अजून एक क्षण, तिनं स्वतःला सांगितलं, फक्त एक, आणि तिला पहिल्यांदाच सरांची नाही, स्वतःची भीती वाटली.