कोपरा फाडलेलं कार्ड

कोपरा काही नीट फाडलेला नव्हता. घाईत, बोट ओलं करून ओढल्यासारखा. नखाएवढा तुकडा गेलेला आणि त्याच्या कडेला कागदाचे बारीक तंतू निघालेले. भुजंगनं सदऱ्याच्या खिशात हात घालून त्या तंतूंवर पुन्हा एकदा अंगठा फिरवला. कार्ड बाहेर काढायची गरज नव्हती. सहा दिवसांत ते पाठ झालं होतं, आणि पाठ करण्यासारखं त्यात होतं तरी काय… 'मातोश्री दगडाबाई शुद्ध पंचमीस कैलासवासी झाल्या. कळावे.' अक्षर गावच्या दिनकरराव मास्तरांचं. मरणाचं कार्ड धाडताना कोपरा फाडायचा, म्हणजे घेणारा वाचायच्या आधीच सावध होतो, ही रीत मास्तरांनी पाळली होती.

पण आई मेलेली नव्हती. हे भुजंगला पक्कं ठाऊक होतं. पक्कं ठाऊक नसतं तर तो आज, शुद्ध चतुर्दशीला, जिंतूरच्या तहसिलीच्या ओसरीवर धुतलेला सदरा घालून, दाढी करून बसला असता का? सुतकातला माणूस दाढी करतो का? नाही ना. मग झालं तर.

पंचमी पहिला, षष्ठी दुसरा… नको. मोजायचं नाही. जे झालंच नाही त्याचे दिवस कसले मोजायचे?

अकरा वर्षांपूर्वी असंच कार्ड आलं होतं. त्याचाही कोपरा फाडलेला, अक्षरही हेच. तेव्हा भुजंग सेलूपर्यंत चालत गेला, मनमाडला गाडी बदलली, नगरला उतरून पुढचे सात कोस जवळजवळ पळत काढले आणि वेशीपासूनच हंबरडा फोडत घरात शिरला—तर ही बया अंगणात सूप घेऊन बाजरी पाखडत बसलेली! त्याला बघून आधी दचकली, मग हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. "अरं, बांधावर कावळ्यांचं जोडपं दिसलं मला, नको तसं. त्यो लई वाईट अपशकुन. मग आपल्या मरणाची खोटी खबर आपल्या माणसाला धाडावी लागती. त्यो रडला की मरण टळतं. तुझ्याबिगर कोण हाय मला रडायला? दुसरं कार्ड टाकलं हुतं रं मागनं, खोटं हाय म्हणून. वाटंत चुकामूक झाली." आणि वर विचारते कशी, "रडलास ना पर? पोटातनं रडलास ना?"

भुजंगचं डोकं फिरलं होतं. दोन दिवस पोटात अन्न नाही, पायाला फोड आलेले, आणि हिला कावळ्याचं पडलंय. तो नाही नाही ते बोलला. शेवटी म्हणाला, "पुन्हा असलं कार्ड आलं तर मी येणार नाही. खरोखर मेलीस तरी येणार नाही." ती सुपातले खडे वेचत राहिली. निघताना भाकरी बांधून दिली. तो रागात वळलाच होता, पण सवयीनं तोंडातून "येतो" निघून गेलं, आणि ती म्हणाली, "ये."

"भुजंगराव, पान खाता का?" पेशकार किशनराव दारातून डोकावला. तहसिलीतले कागद मांडणारा, सगळ्यांची थट्टा करणारा हा माणूस भुजंगशी मात्र आपुलकीनं वागे. "तोंड असं का उतरलंय? आज तुमी मुल्की व्हायलाव! पेढे आनायचे सोडून सुतकी तोंड करून बसलाव."

सुतकी तोंड. भुजंग हसला. हसावंच लागलं.

पंधरा वर्षं झाली होती त्याला या मुलखात. नगरकडून, इंग्रजी हद्दीतून सतरा वर्षांचं पोर आलं, गुरांच्या दवाखान्यात पाणी भरता भरता बैलाच्या खांद्याची सूज उतरवायला शिकलं, खुरातले किडे काढायला शिकलं, झरीची कोकिळा बायको करून कंपौंडर झालं. पण नोकरी आरजी, आज आहे उद्या नाही. निजाम सरकारच्या नोकरीत कायम व्हायचं तर माणूस मुल्की हवा, इथलाच. बाहेरच्यानं पंधरा वर्षं राहून दाखवायचं आणि हाकिमापुढं हलफ, म्हणजे शपथ, घ्यायची, की मूळ गावी परत जायचा इरादा आपण कायमचा सोडला. यंदा वरून हुकूमच आला होता: गैरमुल्कींना महिनाअखेर काढून टाका. नोकरी गेली की दवाखान्यामागची खोलीही गेली. मग कोकिळेला घेऊन जायचं कुठं?

आणि किशनरावनं आधीच बजावलं होतं, "तारखेपोतर हद्द वलांडू नका. मानूस अजून तिकडं जायलाय म्हनल्यावर इरादा कसला सोडला, असं इच्यारत्याल. एकदा तारीख चुकली की मेल्या म्हशीला मनभर दूध, मंग रडून काय उपेग न्हाई."

म्हणून गेलो नाही… छे, म्हणून कसा? कार्ड खोटं होतं म्हणून गेलो नाही. पुन्हा कावळे दिसले असतील तिला. म्हातारपणी भीती वाढते. दुसरं कार्ड मागून येणारच होतं. मागच्या खेपेला खोलीवर ते तिसऱ्या दिवशी येऊन पडलं होतं. या खेपेला तिसरा दिवस गेला, चौथा गेला. टपालवाला दवाखान्यावरून जायचा तेव्हा भुजंग बैलाच्या शिंगाला पट्टी बांधत असायचा आणि मान वर करायचा नाही. मान वर केली नाही म्हणजे कार्ड आलं नाही असं ठरत नाही. कोकिळेला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. खोट्या गोष्टीपायी तिला कशाला रडवा?

आणि तो स्वतः रडला नव्हता. एक टिपूस नाही. मग परवा नळीनं बैलाला औषध पाजताना त्याच्या एकदम मनात आलं, कार्ड खोटंच असेल, तर त्यावर रडायला हवं होतं ना? ती तिकडं विश्वासानं बसली असेल, पोरगा रडला असेल, टळलं असेल… आणि मी न रडता राहिलो. मग टळणार कसं? खरं असेल तर गेलो नाही. खोटं असेल तर रडलो नाही. बैलानं मान झटकली आणि सगळं औषध त्याच्या अंगावर सांडलं.

पुकारा झाला.

तहसीलदारसाहेब म्हातारे होते, चष्म्यावरून बघणारे. कागद उर्दूत. किशनराव वाचत गेला, भुजंग मान डोलावत गेला. पंधरा वर्षं, बरोबर. बायको झरीची, बरोबर. "पिछले वतन में कौन है?" कागदावर त्यानंच दोन महिन्यांमागं खरं ते लिहून दिलं होतं: आई.

साहेबांनी कलम थांबवली. "माँ जिंदा है, तो इरादा कैसे छूट गया? माँ बुलाएगी तो जाएगा नहीं?" आवाजात राग नव्हता. बिचाऱ्यांनी सरळ विचारलं होतं. "अगली तारीख दे दो. तहकीकात होगी."

पुढची तारीख म्हणजे महिनाअखेरीच्या पलीकडे. किशनरावनं भुजंगकडं पाहिलं. आणि भुजंगचा हात… तो म्हणेल की हात आपोआप गेला, पण हात असे आपोआप जात नसतात. हात खिशात गेला, तंतूंना अंगठा लागला आणि कार्ड टेबलावर आलं.

साहेबांनी आधी फाडलेला कोपराच पाहिला. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोपरा वाचता आला. चष्मा काढून ते हळूच म्हणाले, "बहुत अफसोस हुआ, बेटा." सहा दिवसांत भुजंगचं सांत्वन करणारा हा पहिला माणूस. आणि मग भुजंगला रडू आलं. आईगं, काय रडला तो! उभ्या उभ्या, टेबलाची कड धरून, पोटातून. रडता रडता एक मन आत म्हणत होतं—टळेल, अजूनही टळेल, रडलो ना मी… आणि दुसरं म्हणत होतं, की आत्ता, या टेबलावर, तू तिला मारलंस.

डोळे पुसून त्यानं हलफ घेतली. मूळ गावी परत जायचा इरादा मी कायमचा सोडला आहे. सही झाली, शिक्का बसला. कार्ड किशनरावनं दोऱ्यानं मिसलीत, अर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, ओवून टाकलं. "हे आता सरकारी झालं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सांगायचं तरी मला, भुजंगराव."

घरी आला तेव्हा कोकिळा चुलीपुढं होती. त्याच्या हातातला कागद बघून ती उठलीच.

"झालं?"

"झालं."

"मंग आता आत्याबाईला तुमच्या गावाकडनं हिकडंच आना. लय दिस झाले एकट्याच हायत्या. म्या तेंच्यासाटी वाकळ बी शिवायलेय, तुमाला दावली न्हाई." कोपऱ्यातून तिनं अर्धवट शिवलेली गोधडी ओढून दाखवली. तिच्या लग्नातल्या लुगड्याचा हिरवा काठ मधोमध लावला होता. "आवं, आसं काय बगायलाव? आनायचं ना?"

"हो," भुजंग म्हणाला.

"कावळा बी सकाळधरनं वरडायलाय कुंपनावर. पाव्हनं येनार बगा."

कावळा खरंच होता. भुजंगनं ताटातली अर्धी भाकरी उचलली, बाहेर गेला आणि कुंपणाजवळच्या दगडावर ठेवली. का ठेवली ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. पण मोजायचं नाही म्हणताना मोजून झालंच होतं… पंचमी पहिला, आज दहावा.

कावळा दगडाजवळ उतरला. मान वाकडी करून भाकरीकडं पाहिलं, भुजंगकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. शिवला नाही. भुजंगच्या बापाच्या दहाव्यालाही असाच अडून बसला होता. मग आई पुढं झाली, हात जोडून म्हणाली, "पोराला वाढवीन, काळजी करू नका," आणि मग कुठं शिवला. गेलेल्याची इच्छा राहिली असली की ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो.

तिची इच्छा कोणाला विचारायला नको होती. एकच शब्द हवा होता तिला, पंधरा वर्षं प्रत्येक निरोपाला दिलेला. तो आत्ता दिला आणि कावळा शिवला, तर आई मेली. नाही दिला आणि नाहीच शिवला, तर… तर जिवंत आहे म्हणायचं की अडकून पडली म्हणायचं? शिवू नकोस रे बाबा. शिव रे बाबा.

"काय बोलायलाव त्याच्यासंगं?" आतून कोकिळेनं विचारलं.

'येतो' हा शब्द भुजंगच्या ओठांवर येऊन थांबला होता. मुल्की माणसाला तो आता म्हणता येत नव्हता.