भिंतीपलीकडची माती

मृत सभासदाविषयी माहिती
(जवळच्या नातेवाइकाने भरून कार्यालयात द्यावी.)

व्यवसाय:
कोंबड्या, दोन गाई, आम्ही. दादा म्हणतो, गृहिणी लिही आणि मोकळी हो.

चर्चमधील सेवा:
एकोणचाळीस वर्षं, दर शनिवारी. फरशी पुसणं, वेदीवरची कापडं धुणं. वेदीवरच्या द्राक्षारसाचा पेला पुसायचं कापड धुतलं की त्याचं पहिलं पाणी पवित्र, ते मोरीत सोडायचं नाही, मातीतच ओतायचं. आई बादली घेऊन दफनभूमीच्या भिंतीमागे जायची. मला पायरीवर बसवून जायची. यायला उशीर करायची. मी कंटाळायचे, एवढंच मला आठवतं.

शेवटची इच्छा (असल्यास):
इथे सोडलेली रेघ बोटभर आहे.

दादाच्या आधी आईला मुलगी झाली होती. दोन तास जगली. तेव्हाचे फादर सायकल मारत येईपर्यंत गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून भिंतीबाहेर पुरली. अशा वेळी कोणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे आईला पुढच्या वर्षी एका प्रवचनात कळलं. बाळ गेलं त्या दिवशी खाटेशेजारी पाण्याचा तांब्या होता.

हे तिने मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. मी तिची नखं कापत होते. म्हणाली, "मला तिच्याजवळ ठेवा. भिंतीपलीकडे."

मी म्हटलं, बघू. नेमकं कुठे, ते विचारलं नाही.

(रेघ संपली. मागच्या बाजूला लिहिते.)

आज सकाळी हे सांगितल्यावर दादा भडकला. भिंतीबाहेर पुरलं तर लोक म्हणतील, म्हातारीने जीव दिला. नवे फादर माझ्याहून लहान आहेत, स्वभावाने मऊ. ते म्हणाले, आता तसं कोणी मानत नाही, बाळ देवाजवळच आहे. आईला बाहेर कशाला, बाळालाच आत आणू. फक्त जागा दाखवा.

"कधीपासून मानत नाहीत?" मी विचारलं.

"बरीच वर्षं झाली, ताई."

आईला कोणी सांगितलं नव्हतं. ती यायची तेव्हा चर्च रिकामं असायचं. आणि फरशी पुसणाऱ्या बाईला कोणी काय सांगणार.

आईच्या अंत्यविधीची मिस्सा चारला. कबरी खणणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मामांनी भिंतीमागे खणायला घेतलं. बाळाच्या अस्थींसाठी मी घरून एक डबा आणला होता. भिंत चांगली शंभर पावलं लांब. कुठे क्रूस नाही, दगड नाही. मी म्हटलं, जिथे गवत जास्त हिरवं असेल तिथे बघा. मामा म्हणाले, गवत सगळीकडे सारखंच माजलंय. माझ्या गिऱ्हाइकांची आजवर एक तक्रार नाही, पण पत्ता तरी लागतो ना. पहिल्या खड्ड्यात मुळं लागली. दुसऱ्यात फुटकी कौलं. तिसऱ्यात नुसती माती. दादा सारखा घड्याळ बघत होता.

साडेतीनला मामांनी फावडं टेकवलं आणि दादा लांब गेलेला बघून हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांनी तसंही मातीच निघणार, पोरी. यातलीच भर डब्यात. कोणाला कळतंय."

भरली. तिसऱ्या खड्ड्यातली.

फादरांनी डब्यावर पवित्र पाणी शिंपडलं. बाळाचं नाव विचारलं. आईने ठेवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी सुचेल ते सांगितलं. सगळ्यांनी त्या नावाने प्रार्थना म्हटली. दादा आईला उचलताना रडला नव्हता, शवपेटी खाली सोडताना रडला नव्हता. डबा आईच्या उशाशी ठेवला तेव्हा मात्र लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मला जवळ घेऊन म्हणाला, बरं झालं तू बोललीस, नाहीतर दोघी दोन ठिकाणी राहिल्या असत्या.

भिंतीमागे मामा खड्डे बुजवत होते. फावड्याचा आवाज येत होता.

वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.
सही:

कारकून म्हणतो, इथे करा. कार्यालय बंद व्हायची वेळ झाली आहे. दादा बाहेर उभा आहे, डोळे पुसतोय, आणि कितीतरी वर्षांनी माझ्यासाठी थांबलाय.

केली.