फळ्यावरचा आकडा

सावळीरामनानांनी चष्मा पुसून पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. कॉम्प्युटर सुरू होऊन फक्त चार तास झाले होते. दिवस, शून्य.

काल तिथं न थांबता चालल्याचे दोन हजार दोनशे अकरा दिवस होते. विंचूरजवळच्या या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रोज सकाळी तो आकडा दारावरच्या फळ्यावर लिहायचा, हा नानांचा सहा वर्षांचा नेम. आकडा एकानं वाढलेला दिसला की कॉम्प्युटर गॅसवर नजर ठेवून आहे, असं समजून द्राक्षं भरणाऱ्या बाया निर्धास्त आत शिरत. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूची माळ पडे, पण बटणाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आज नाना निवृत्त होणार होते. शाल देताना मालक हाच आकडा सांगणार होते.

पहाटे वीज गेली असेल, बॅटरीनं दगा दिला असेल. कुणाला कळणार होतं? नानांनी खडू उचलला आणि लिहिलं, २२१२.

“शेवटचा आकडा का, नाना?” कुसाबाई बायांना घेऊन आली. “तुमच्यावानीच हाय तो डबा. एक खाडा नाय!”

हसत हसत बाया तीन नंबरच्या खोलीत गेल्या. नाना खुर्चीत टेकले आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तिथला भोंग्याचा हिरवा ठिपका विझलेला होता. कॉम्प्युटर बसवणारा साहेब तेव्हा बजावून गेला होता, “हा बंद पडून चालू झाला, तर थंडाव्याचा अमोनिया गॅस गळल्यावर वाजणारा भोंगा हातानं चालू करायचा.” सहा वर्षांत ती वेळच आली नव्हती. कोणतं बटण, तेही आता आठवेना.

तेवढ्यात नाकात काहीतरी झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं.

“बाहेर या! समद्या बाहेर!” नाना दारातून ओरडले.

“भोंगा कुठं वाजला?” कुसाबाई आतून म्हणाली.

“वाजायचाच नाय तो!”

“अवो, पण फळ्यावर तर...”

“मी खोटं लिवलंय, कुसे! पळ!”

खोकत, पदर नाकाला लावून बाया अंगणात आल्या. नानांनी बोट दाखवत मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. दोघी कमी. कुसाबाई, मैनाला दंडाला धरून ओढत, सगळ्यांत शेवटी दारातून बाहेर आली. मैना मातीत बसली आणि ओकू लागली. नानांनी दार ओढून घेतलं.

फाटकातून मालकांची गाडी आत आली. मागच्या काचेतून हार दिसत होता.

नानांनी समारंभासाठी इस्त्री केलेली टोपी डोक्यावरून काढली, तिनं फळा पुसला आणि मोठं शून्य काढलं. मग खडूनं माखलेली टोपी तशीच डोक्यावर घालून ते गाडीकडे चालू लागले.