बांधावरची माती

मला दिवस गेले तेव्हा चिंच नको होती, कैरी नको होती. माती हवी होती. नौपाड्यात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी मी, कुंडीला पाणी घातलं की चोरासारखी तिच्याकडे बघत बसायचे.

सासूबाईंनी ते लगेच ओळखलं. शीळफाट्याजवळच्या आमच्या गावात शांताबाई म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या चहाला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. त्याच बाईंनी शेताच्या बांधावरून ढेकूळ आणलं, तव्यावर भाजलं आणि पदराआडून माझ्या हातात ठेवलं.

"खा गो बाय. पोटुशीला माती लागतेच. सुमितला नको सांगू."

खरपूस होती, किंचित गोडसर. खरं सांगायचं तर मातीपेक्षा मला त्या 'बाय'चीच गोडी लागली. मग रोज संध्याकाळी आमचा हा चोरटा कार्यक्रम ठरून गेला.

बांधापलीकडे पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायची भट्टी होती. भट्टी बंद पडली, पण तिच्यातून निघालेल्या काळ्या खडीचे ढीग तिथेच राहिले. फुकटची खडी म्हणून गावाने ती वाटेवर पसरली, बांधही तिनेच उंच केले. आता त्या जागेवर टॉवर यायचा, म्हणून बिल्डरने माती तपासून घेतली.

"आपल्या बांधापर्यंत शिसं उतरलंय बोलतात," माझा नवरा सुमित जेवताना सहज म्हणाला. "शेतातली भाजी पण खाऊ नका सांगितलंय."

सासूबाईंची भाकरी तव्यावरच करपली. माझा हात पोटावर गेला. मला त्यांचा इतका संताप आला की मी ताट सारून उठले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर नौपाड्यात मेघना डॉक्टरांकडे आल्या. "काही वेगळं खाण्यात आलं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी लाजेने फरशीकडे बघत राहिले.

"माती," सासूबाई म्हणाल्या. "मी भाजून देत होते. हिची काय चूक नाय."

माझा राग तिथेच अर्धा उतरला.

रिपोर्ट घ्यायला पुन्हा दोघीच गेलो. रक्तात शिसं निघालं होतं, पण फार नाही. वेळेत थांबलात, डॉक्टर म्हणाल्या; गोळ्या घ्या, पुन्हा तपासू, बाळाची वाढ नीट आहे. मला रडूच फुटलं.

सासूबाई मात्र खुर्चीवरून उठेनात. "डॉक्टर, सुमितच्या आधी माझी दोन गेली. पोटातच. भट्टी तवा चालू होती. मी पन तीच माती खायचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इतक्या वर्षांनी खात्रीने नाही सांगता येणार, मावशी."

"सुमितच्या टायमाला मी माहेरी होते, खडवलीला. तिथली खाल्ली."

परतताना रिक्षात त्या बाहेर बघत म्हणाल्या, "सगळे मला पांढऱ्या पायाची बोलायचे. मी पन तेच धरून बसले."

मी त्यांचा हात घट्ट धरला. "आई, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"आता हाय ना."

गावात शिरल्यावर त्यांनी रिक्षा घराच्या अलीकडे, शेजारच्या करिश्माच्या दाराशी थांबवली. करिश्माला सातवा महिना. तिलाही ढेकूळ सासूबाईंनीच दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ओट्यावर तिची सासू तांदूळ निवडत होती. 'पांढऱ्या पायाची' हे गावभर केलं ते हिनेच.

"आई, घरून फोन करू या ना," मी म्हटलं.

त्या उतरल्या. पदर सारखा केला आणि सरळ ओट्यावर चढल्या.

"करिश्मा, मी दिलेली माती आन गो बाहेर," त्या म्हणाल्या. "आनि दोघी बसा हितं. माझी दोन पोरं कशी गेली, ते सांगते."